उशीवरचा हात

डॉक्टर कमलाकांत पांढरीपांडे यांनी पडद्याबाहेर आलेल्या मनगटावर डाव्या हाताची तीन बोटं टेकवली, उजव्या अंगठ्यानं आपल्या मनगटी घड्याळाची वरची कळ दाबली, आणि ओसरीवरच्या चार पुरुषांनी एकदम बोलणं बंद केलं.

कळीचा आवाज फार बारीक होता. चांगल्या अडकित्त्यात भाजकी सुपारी तुटावी, तेवढाच. तो ऐकायचा तर श्वास धरावा लागे, आणि वलगावच्या खुशालराव देशमुखांच्या ओसरीवर तो धरला जाई. पाहता येत नसे, म्हणून ऐकायचं. देशमुखांकडे गोषा होता. पडद्यातून घरच्या बाईचा हात बाहेर आला की पुरुषांनी अंगणाकडे तोंड करायचं, असा रिवाज. त्यामुळे ती सगळी वजनदार मंडळी माना वळवून अंगणातल्या कडुलिंबाकडे बघत होती, आणि आता तो कडुलिंबच काहीतरी निदान सांगेल अशा चेहऱ्यानं बघत होती.

हात लाल मखमलीच्या उशीवर उताणा होता. मनगटात हिरव्या बांगड्या. डॉक्टरांची नजर मात्र त्या हाताच्या वीतभर अलीकडे, स्वतःच्या घड्याळावर होती. साईच्या रंगाच्या तबकडीवरून निळा काटा निघाला होता, आणि घरच्या कार्याला निघालेल्या माणसासारखा, उशीर न करता पण धावतही न सुटता चालला होता. डॉक्टरांनी तीस ठोके मोजले आणि पुन्हा कळ दाबली. काटा होता तिथे उभा राहिला. थरथरला नाही, मागे सरला नाही. तबकडीच्या कडेनं तांबड्या आकड्यांचं एक वर्तुळ होतं. तीस ठोक्यांना काटा ज्या आकड्यावर थांबेल, तो मिनिटाच्या नाडीचा आकडा. गुणायचं नाही, भागायचं नाही, नुसतं वाचायचं.

"बहात्तर," डॉक्टर म्हणाले.

मंडळींनी माना सोडवल्या.

"आजबी बहात्तर," नत्थुजी म्हणाले. "चौथ्या खेपेले बी तेच. काय घडी हाय बावा."

नत्थुजी हे खुशालरावांचे शेजारी, काळ्या जमिनीचे जुने शेतकरी आणि बैलांचे दर्दी. नाडीचं कौतुक त्यांनी केलं नाही. नाडी काय, सगळ्यांना असते.

खरं सांगायचं तर ते घड्याळ कौतुकाच्याच लायकीचं होतं. डॉक्टर मूळचे अकोल्याचे. तिथल्या सरकारी दवाखान्यात उमेदवारी करताना एका गोऱ्या सिव्हिल सर्जनाच्या हातावर त्यांनी असं घड्याळ पहिल्यांदा पाहिलं, आणि पुढची दहा वर्षं अमरावतीत डॉक्टरकी केली ती त्या घड्याळासाठी, असं त्यांच्या पत्नी सरोजिनीबाई म्हणत. मुंबईच्या दुकानातून ते आलं त्या दिवशी डॉक्टरांनी दवाखाना बंद ठेवला. घरात मूल झालं तेव्हा ठेवला नव्हता.

त्याआधी त्यांच्याकडे वडिलांचं खिशातलं घड्याळ होतं. ते साखळीला धरून विहिरीतून घागर ओढावी तसं बाहेर काढायचं, एका हातात धरायचं, दुसऱ्या हातानं नाडी पाहायची, आकडा चौपट करायचा, आणि एवढ्यात रोगी खोकला की पहिल्यापासून. नव्या घड्याळानं हे सगळं मिटवलं. सोन्याची डबी, पण सोन्याचा तोरा नाही. कडा अशा घोळून काढलेल्या की सदऱ्याच्या बाहीचा धागा कधी अडकला नाही. चावीच्या वर एक कळ, खाली एक. वरची काट्याला सोडते आणि थांबवते, खालची त्याला घरी पाठवते. दोन्ही कळा अंगठा आपोआप जाईल तिथेच. पट्टा धरून ठेवणारे चार पाय मनगटाच्या उताराबरोबर खाली झुकलेले. त्यामुळे डबी हातावर ठेवल्यासारखी वाटत नसे, हाताचाच एखादा उंचवटा वाटे.

नत्थुजींनी पहिल्या दिवशी ते हातात घेऊन, उलटं करून, पाठ आणि पाय बोटानं चाचपून पाहिले होते. मग म्हणाले होते की जू असं बसलं पाहिजे. बैलाले कळलं नाई पाहिजे का जू हाय. डॉक्टरांना आजवर मिळालेल्या सगळ्या अभिप्रायांत हा त्यांनी वरचा मानला.

आणि तो खराच होता. मे महिन्यात अमरावतीत माणसाला स्वतःची कातडीही नकोशी होते, तेव्हाही हे घड्याळ नकोसं होत नसे. पट्ट्याला आतून मऊ अस्तर होतं, ते घाम प्यायचं. खुशालराव बोलावणं पाठवत ते बैलांच्या दमणीसकट. अमरावती ते वलगाव रस्त्यात दमणी अशी आदळे की डॉक्टरांचा चष्मा, टोपी आणि औषधाची पेटी तिन्ही एकाच वेळी सांभाळावी लागत. घड्याळ मात्र सांभाळावं लागत नसे. ते हातावर आहे याची आठवण व्हायची ती कुणी वेळ विचारली तर, आणि कुणी न विचारताही डॉक्टर वेळ सांगत.

आजारी होती ती वच्छला, खुशालरावांची धाकटी सून. माहेर अमरावतीचं, वडील वकील. मुलींच्या शाळेत इंग्रजी तिसरीपर्यंत गेलेली. तिचा नवरा वसंत धारणीकडे जंगलाचे ठेके घेई. दिवाळीनंतर दीड-दोन महिने ती त्याच्यापाशी राहून आली होती, आणि तेव्हापासून खंगत चालली होती. डॉक्टरांना आतून जी लक्षणं कळवण्यात आली ती अशी: जेवण जात नाही, उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी येते, उगाच रडते. थर्मामीटर पहिल्याच दिवशी नापास झालं. परक्याच्या तोंडात जाऊन आलेली कांडी सुनेच्या तोंडात घालणार नाही, असं खुशालरावांच्या पत्नी पार्वताबाई यांनी पडद्याआडून कळवलं. छातीला नळी लावण्याची गोष्ट डॉक्टरांनी काढलीच नाही. उरली नाडी. डॉक्टरांना त्याचं फारसं वाईट वाटलं नाही. नाडी पाहायचं साधन त्यांच्याकडे असं होतं की बाकीची साधनं त्यापुढे भांडीकुंडी वाटावीत.

चार खेपांना चारदा बहात्तर. पुस्तकात छापावी अशी नाडी. डॉक्टरांनी मनाचा अशक्तपणा ठरवला, माहेरची ओढ ठरवली, आणि गुलाबी रंगाचं गोड औषध दिलं. सून आणखी वाळली.

"म्हणजे आजार नाई," खुशालराव म्हणाले.

खुशालराव लोकल बोर्डाचे सभासद होते. सुधारलेले होते, आणि आपण सुधारलेले आहोत हे दर सभेला सांगत.

"नाडीत तरी काही दिसत नाही," डॉक्टर म्हणाले.

तसं असेल तर सुटलंच, असं खुशालरावांनी सांगितलं, आणि सुटलं म्हणजे काय तेही सांगितलं. घरातल्या बायांनी मेळघाटातल्या एका भगताला बोलावून दाखवलं होतं. त्याचं म्हणणं असं की पोरीबरोबर जंगलातलं काहीतरी आलं आहे. येत्या अमावास्येला तो तिला बंद खोलीत बसवून मिरच्यांची धुरी देणार होता, आतलं बोलेपर्यंत. खुशालरावांनी आजवर ते होऊ दिलं नव्हतं. आधी डॉक्टर, मग भगत, असं त्यांनी बायांना बजावलं होतं. आता डॉक्टर झाले होते. विलायती यंत्रानं चार वेळा सांगितलं की आजार नाही. आजार नाही आणि माणूस तर खंगतं, म्हणजे ते बाहेरचंच. शास्त्र मानणाऱ्या माणसानं शास्त्राप्रमाणं चाललं पाहिजे.

"यंत्रापुढं आमी काय बोलावं, डाक्टरसाहेब," ते म्हणाले.

डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. अकोल्याच्या दवाखान्यात अशा धुरीतून आणलेली एक मुलगी त्यांनी पाहिली होती. ती बोलली नव्हती. तिच्यातलं दुसरंही कुणी बोललं नव्हतं.

"धुरी देऊ नका," ते म्हणाले. "अशक्त पोरगी आहे. जिवावर बेतेल."

"मंग आजार सांगा."

डॉक्टरांनी घड्याळाकडे पाहिलं. काटा अजून बहात्तरवर उभा होता. त्यांनी आयुष्यात घेतलेली सगळ्यात सुंदर वस्तू त्यांच्याविरुद्ध साक्ष द्यायला उभी होती, आणि तिची साक्ष फिरवावी असं एकही कारण त्यांना सुचत नव्हतं. त्यांनी खालची कळ दाबली. काटा घरी गेला.

तेवढ्यात पडद्याआड कुजबुज झाली. मग पार्वताबाईंचा आवाज आला. हा आवाज एरवी पडद्याला न जुमानता अंगणापर्यंत जायचा. आज जरा उतरलेला होता.

"डाक्टर, सूनबाई म्हणते, ते घडी एकडाव पाहाले भेटन काय? लय दिसापासून आयकून राह्यली ते पडलीपडली."

खुशालरावांनी संकोचून डॉक्टरांकडे पाहिलं, पण त्या संकोचात अभिमानही होता. आमच्या सूनबाईले आकडे वाचता येते, इंग्रजी, असं त्यांनी मंडळींना ऐकवलं. डॉक्टरांचा हात घड्याळावर गेला. हे घड्याळ त्यांनी आजवर परक्या हातात दिलं होतं ते नजरेसमोर. मग त्यांनी बक्कल सोडलं. पट्टा त्यांच्या अंगाच्या उबेनं कोमट झाला होता. उशीवरच्या हातानं घड्याळ अलगद घेतलं आणि तो आत गेला.

दिलंच आहे तर नीट द्यावं म्हणून डॉक्टरांनी पडद्याला समजावून सांगितलं. डाव्या हाताला बांधा. उजव्या हाताची बोटं त्याच मनगटाखाली, अंगठ्याच्या बाजूला. ठोका लागला की वरची कळ. तीस मोजा, परत वरची कळ. खालची दाबू नका, ती दाबली की काटा घरी जातो.

आत अंथरूण सरकवल्याचा आवाज झाला. मग हात बाहेर आला, तळव्यावर घड्याळ. काटा तांबड्या वर्तुळात एकशे तीसच्या पुढे उभा होता.

डॉक्टर हसले. शाळेच्या तपासणीला आलेला साहेब हसतो तसे. काय म्हणते घडी, असं नत्थुजींनी विचारलं. मोजण्यात घाई झाली, डॉक्टर म्हणाले. पहिल्यांदा सगळ्यांची होते. खात्री म्हणून त्यांनी घड्याळ चढवून उशीवरचा हात पुन्हा पाहिला. मंडळी पुन्हा कडुलिंबाकडे वळली. बहात्तर. त्यांनी पुन्हा बक्कल सोडलं, सगळं पुन्हा सांगितलं, सावकाश, आणि या वेळी मोजताना तोंडानं म्हणा असंही सांगितलं. हातानं घड्याळ पडद्याआड कुणाकडे तरी सोपवलं आणि चार खेपांच्या सवयीनं तो परत उशीवर येऊन बसला.

मंडळी अजून अंगणाकडेच बघत होती. डॉक्टरांचं मनगट रिकामं होतं. बघायला काही नव्हतं, म्हणून त्यांची नजर खाली गेली आणि त्या हातावर पडली.

हात जाडजूड होता. तळव्याला जात्याच्या खुंट्यानं पडलेले घट्टे, अंगठ्याखाली तव्याच्या कडेचा जुना डाग. मनगटावर तुळशीवृंदावन गोंदलेलं, हिरवं, फिकट झालेलं. नखांत ज्वारीचं ओलं पीठ; थापायला घेतलेली भाकर अर्धी टाकून कुणी आल्यासारखं. एक डास आला तसा त्या हातानं उशीवर स्वतःला घासून तो उडवला आणि परत उताणा होऊन पडून राहिला.

पडद्याआड कळ वाजली.

डॉक्टरांनी पडद्याकडे पाहिलं, मग हाताकडे. आत एक बारीक आवाज आकडे म्हणत होता. घड्याळ बांधलेला एक हात आत होता. त्याची नाडी धरलेला आणि कळ दाबणारा दुसरा हातही आतच होता. उशीवरचा तिसरा.

कळ पुन्हा वाजली. हात आत गेला आणि घड्याळ घेऊन आला. काटा पहिल्या खेपेला होता तिथेच, केसभर पुढे. पट्ट्यावर नवी वळी पडली होती, शेवटच्या भोकाच्याही पलीकडे, बक्कलाला जिथे काही धरायला नव्हतं तिथे कुणीतरी तो बोटानं दाबून धरला असावा अशी.

डॉक्टरांनी प्यायला पाणी मागितलं. ते येईपर्यंत घड्याळ हातावर न चढवता मुठीत धरून बसले. ओसरीवर चार माणसं होती, आणि त्यात गावचा मान होता. आता ते जे बोलतील ते अमरावतीच्या बाजारापर्यंत जाणार होतं. खरं बोलले असते तर देशमुखांची अब्रू तिथल्या तिथे उतरली असती. सुनेच्या हाताला परका लागू नये म्हणून भाकरी टाकून आलेल्या त्या बाईला संध्याकाळपर्यंत घराबाहेर काढलं असतं. आणि ज्या घरात डॉक्टर पुन्हा चढू शकले नसते त्या घरात अमावास्या मात्र वेळेवर आली असती.

पाणी पिऊन त्यांनी तांब्या खाली ठेवला.

"खुशालराव, सांगायला लाज वाटते," ते म्हणाले. "घड्याळ चुकतंय."

नत्थुजींनी दुःखानं मान हलवली.

"चारही वेळा चुकलं. आत्ता सूनबाईंच्या हातावर गेलं तेव्हा नीट चाललं. ताप आहे पोरीला, चांगला ताप आहे." मग त्यांनी पडद्याकडे तोंड केलं. "बाई, धारणीहून आल्यापासून थंडी वाजून येते का? हुडहुडी?"

मग पार्वताबाई म्हणाल्या, "येते ना. एक दिसाआड येते, दुपारी. चार गोधड्या टाकतो आमी अंगावर. मंग अंग तव्यावानी तापते."

"मला नाही सांगितलं ते."

"ते आमी भगताले सांगतलं."

"मले कावून नाही सांगतलं?" डॉक्टर म्हणाले. इतक्या वर्षांत अमरावतीत वापरून वापरून गुळगुळीत झालेली त्यांची भाषा त्या एका क्षणाला गळून पडली.

"तुमाले तब्येतीचं सांगतलं," पार्वताबाई म्हणाल्या.

त्यात चूक काढता येण्यासारखं काही नव्हतं. ज्याचं त्याला दिलं होतं.

डॉक्टरांनी पेटी उघडून कोयनेलच्या पुड्या काढल्या. मेळघाटचा हिवताप आहे, म्हणाले. तिकडे राहून आलेल्या दहांतल्या नऊ जणांना असतो. मग घड्याळाबद्दल सांगितलं. हे यंत्र नाजूक असतं. नवं असलं की ज्याची नाडी बघायची त्याच्या हाताला आधी रुळावं लागतं, नाहीतर असं भलतंच दाखवतं. तेव्हा पोरगी बरी होईपर्यंत ते तिच्या हातावर राहू द्यावं, रात्रंदिवस. झोपेत टोचायचं नाही, त्याची हमी. फक्त एक पथ्य कडक.

"धूर लागता कामा नये," डॉक्टर म्हणाले. "मिरचीचा तर नाहीच. आतली चाकं जळतात. मग मुंबईतही कुणी दुरुस्त करून देत नाही."

इतका वेळ भगताच्या बाबतीत हतबल असलेले खुशालराव ताठ बसले. सुनेला धुरी द्यायची की नाही हा बायकांचा प्रश्न होता. पण डॉक्टरांचं सोन्याचं घड्याळ आपल्या घरात बिघडणं हा लोकल बोर्डाच्या सभासदाच्या इभ्रतीचा प्रश्न होता. त्यांनी तिथूनच आत हुकूम सोडला की घडी घरात आहे तोवर चुलीशिवाय कुठं धूर दिसला तर याद राखा, आणि भगताला कुणीतरी जाऊन सांगा, अमावास्येला येऊ नको.

"नवा गोऱ्हा बी अस्साच असते," नत्थुजी डॉक्टरांची समजूत घालत म्हणाले. "एका हाताले रुळला का मंग सरका चालते. तुमी मन लहान नका करू."

अडचण निघाली ती एकच. पार्वताबाईंनी आतून सांगितलं की कातड्याचा पट्टा माजघरात चालणार नाही, देव आहेत. डॉक्टरांनी पट्टा सोडवून खिशात ठेवला, आणि पायांच्या दोन पोकळ जागांसकट उघडी डबी उशीवर ठेवली. हातानं ती उचलली. मग तो डबीसकट आत गेला.

पुढचे दिवस डॉक्टरांनी अमरावतीत कसे काढले ते सरोजिनीबाईंनी पाहिलं. ते दर घटकेला बाही वर करून उन्हानं न रापलेली पांढरी पट्टी वाचत. वडिलांचं घड्याळ पुन्हा खिशात आलं होतं. साखळी सदऱ्याच्या गुंडीत अडके, नाडी मोजताना निम्म्यात गणित चुके. घड्याळाचं काय झालं असं लोक विचारत, कारण वलगावची बातमी पोचली होती. चुकायला लागलं होतं, डॉक्टर सांगत. सांगताना त्यांना स्वतःच्या मुलावर चोरीचा आळ घेतल्यासारखं होई. वलगावहून निरोप येत ते खुशालरावांच्या गड्याबरोबर, तोंडी: कोयनेल चालू आहे, कानात गुणगुण होते म्हणते. मग, हिव एक पाळी चुकलं. मग, दुसरी चुकली. मग, सूनबाईनं वरण-भात मागितला.

गहू कापणीला आला तेव्हा दमणी पुन्हा दाराशी आली.

ओसरीवर तीच मंडळी होती. पडदा होता, उशी होती. हात बाहेर आला आणि पुरुषांनी कडुलिंबाकडे माना वळवल्या. डॉक्टर मात्र या वेळी आधी हाताकडे बघत राहिले. अरुंद हात. बोटांची पेरं अजून वर आलेली, तर्जनीला सुईची टोचणी, रंग फिका पण खाली रक्त असलेला. मनगटावर घड्याळ होतं. पट्टा नव्हता, त्या जागी तांबड्या रेशमाची तीनपेडी वेणी, रुंद, सपाट, पायांच्या पोकळीतून ओवून घेतलेली. तिला गाठीचे फासे होते, एकापुढे एक. आतल्या फाशांवरचं रेशीम वापरून चपटं झालं होतं. आता बांधलं होतं ते बरंच बाहेरच्या फाशाला.

घड्याळ तिच्याच हातावर होतं, म्हणून डॉक्टरांना कळ दाबण्यासाठी हात लांब करावा लागला. निळा काटा निघाला. तीस ठोके झाले, काटा थांबला. डॉक्टरांनी आकडा वाचला, आणि थोडा वेळ बोट नाडीवर तसंच राहू दिलं.

"काय म्हणते?" खुशालरावांनी झाडाला विचारलं.

"छान," डॉक्टर म्हणाले. "अगदी छान."

"आन् घडी? सुधरली का?"

"आता बरोबर दाखवते."

"म्या म्हनलं होतं," नत्थुजी म्हणाले.

हातानं स्वतःच रेशमाचा फास सोडला, दुसऱ्या हाताची बोटं त्यासाठी पडद्याच्या कडेशी क्षणभर दिसली, आणि घड्याळ उशीवर राहिलं. डॉक्टरांनी ते हातावर चढवलं. रेशमात थंडावा होता. सगळ्यात बाहेरचा फास त्यांना बरोबर झाला, कातड्याच्या पट्ट्यालाही इतक्या दिवसांत जे जमलं नव्हतं तितका बरोबर, आणि खिशात आणलेला पट्टा काढण्याचा विचार त्यांनी तिथेच सोडून दिला. ते पेटीचं झाकण लावायला लागले. आतून वच्छलेचा शब्द आला नाही. सुनांनी ओसरीवर बोलायचं नसतं. पाटा-वरवंट्याचा आवाज येत होता, जोरात.

ते उठणार तोच पडदा हलला आणि उशीवर दुसरा एक हात येऊन पडला. सुरकुतलेला, जाड सोन्याच्या पाटल्यांचा, पन्नास वर्षांत कुण्या परक्या माणसानं धरला नसेल असा. मंडळींनी गडबडीनं पुन्हा अंगणाकडे तोंडं केली.

"रातीची छाती धडधडते, डाक्टर," पार्वताबाई म्हणाल्या. "पाहा बरं."

डॉक्टर खाली बसले. त्यांनी बोटं टेकवली, अंगठा कळीवर नेला. तेव्हा पडदा आणखी जवळ आला, आणि इतक्या हळू, की ओसरीवर दुसऱ्या कुणाला ऐकू जाऊ नये, त्या म्हणाल्या,

"हा माहाच हाय."